पहिल्या गिअरचा दात

हे मी आजवर एकाही मैफिलीत सांगितलेलं नाही. आणि मैफिली मी कमी गाजवलेल्या नाहीत — रत्नागिरीत कुणालाही विचारा. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक डोळे तपासायला म्हणून येतात, तासभर गप्पा ऐकतात आणि नंबर न काढताच निघून जातात. लग्न असो, मुंज असो, कुणाची साठीशांत असो, मला आमंत्रण येतं ते अक्षता टाकायला कमी आणि पंगती उठल्यावर किस्से सांगायला जास्त. त्यातला एक किस्सा तर असा आहे, की तो ऐकल्याशिवाय लोक मला चपला घालू देत नाहीत.

तो किस्सा खोटा आहे.

— पण थांबा. असं एकदम सांगून टाकलं तर... बघा, ही माझी खोड! कुठे आवाज खाली आणायचा, कुठे डोळे मोठे करायचे, कुठे पाणी प्यायला थांबायचं, हे सगळं मला येतं. सरळ सांगणं तेवढं येत नाही. तेव्हा मला जरा वळसा घेऊन येऊ द्या. आधी गाडीबद्दल बोलतो. गाडीवर चिडणं सोपं असतं.

गाडी विलायती. हिरवी, बसकी, दोनच माणसांची, कापडी छपराची. तिच्यात कुणी बसत नाही. तिच्यात उतरावं लागतं. आणि पन्नाशीनंतर तिच्यातून बाहेर यायला कुणाचा तरी हात लागतो. ती माझ्या सासऱ्यांची. शुभदाचे वडील, चिपळूणचे डॉक्टर. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मुंबईतला एक जहाजवाला साहेब मायदेशी परत निघाला, त्याच्याकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. मग एका पावसाळ्यात वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या फाटकातून आत आलं आणि गाडीच्या चाकांना लागलं. पाणी ओसरल्यावर अप्पांचा फोन. "गाडी शुभाच्या नावावर करतोय. तुमचं घर उंचावर आहे. जावईबापू, तुम्ही पेट्रोल भरा."

असे होते अप्पा. बोलले की जागेवर बसवायचे.

आता गिअरबॉक्स. या गाडीला चार गिअर. चारच! महामार्ग चौपदरी झाला तेव्हापासून तर या चार गिअरनी माझा जीव खाल्लाय. हातखंब्याहून संगमेश्वराकडे निघालं की इंजिन ठणाणा करतं — अजून एक गिअर टाक, अजून एक टाक! कुठून टाकू? नाहीये रे बाबा! मागून आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो येतो, हॉर्न मारतो, सहज पुढे जातो. आणि जाताना ड्रायव्हर हात करतो — हातगाडीवाल्याला करावा तसा.

पण चौथ्याच्या पुढे गिअर नाही हे दुःख परवडलं. खरा छळ पहिल्याचा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला आत एकेक पितळी कडी असते. ती फिरणाऱ्या दात्यांचा वेग जुळवून देते, म्हणून गिअर गुपचूप पडतो. पहिल्याला ती कडी नाहीच. बनवणाऱ्यांनी विचार केला असणार — पहिला गिअर माणूस उभ्या गाडीतच टाकणार, तिथे कडीचा खर्च कशाला? त्यांनी आमचे चढ पाहिले नव्हते. त्यांनी मारुती मंदिरचा चौक पाहिला नव्हता, जिथे गाडी धड उभीही राहत नाही आणि धड चालतही नाही. या गाडीत पहिला टाकायचा तर गाडी पूर्ण थांबवायची. पूर्ण! चाकाने अर्धा फेराही घ्यायचा नाही. मग टाकायचा. चालत्या गाडीत टाकलात तर आतले दाते एकमेकांवर असे करकरतात की रस्त्यावरची कुत्री उठून बसतात.

त्यात रिव्हर्स पहिल्याच्या अगदी शेजारी. भाजी मार्केटात एकदा पहिला म्हणून दांडा ओढला आणि गाडी मागे. मागे स्कूटरवर एक बाई होत्या. त्या मला जे बोलल्या ते मी मैफिलीतसुद्धा गाळतो. थिबा पॅलेसच्या चढावर थांबलो की शेजारी हमखास एक रिक्षा येते आणि आतून प्रश्न येतो, "काका, ढकलू काय?"

तुम्ही म्हणाल, मग बदला की तो गिअरबॉक्स! अहो, तेच तर. थंडीत पुण्या-मुंबईचे हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन गणपतीपुळ्याला येतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी पाच गिअरचा नवा डबा बसवून घेतलाय. मला दरवर्षी समजावतात. काका, वरून काही दिसत नाही. काका, गिअर पडलेला कळतसुद्धा नाही. आणि मी दरवर्षी छाती काढून तेच व्याख्यान देतो. मूळ ते मूळ! देवघरातले टाक झिजले म्हणून कुणी प्लास्टिकचे आणून ठेवतं का? लोक टाळ्या वाजवतात. एकदा तर त्यांनी मला शाल दिली. मूळपणा जपल्याबद्दल.

ती शाल मी घेतली. तेही या कबुलीत धरा.

कारण आता शुभदाबद्दल सांगायला हवं.

शुभाला अप्पांनी ही गाडी शिकवली ती चिपळूणच्या मैदानावर, ती कॉलेजात जायच्याही आधी. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा मला वाटायचं, बायकोला गाडी येते म्हणजे काय, येत असेल जरातरा. मग गाडी आली. पहिल्याच दिवशी शुभाने चपला काढून डाव्या बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि अनवाणी पाय क्लचवर ठेवला. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेवरचा पहिला चढ आला. गाडी दुसऱ्यात दमली. मी डोळे मिटले — आता थांबणार, मागे घसरणार. काही नाही. तिने क्लच दाबला, दांडा मध्ये आणला, क्लच सोडला, उजव्या पायाने ॲक्सिलेटरला एक टिचकी दिली, पुन्हा क्लच, आणि चालत्या गाडीत पहिला टाकला. सुईत दोरा ओवावा तसा. आवाज नाही, धक्का नाही. आणि हे सगळं, पावसच्या आमच्या आंब्याच्या बागेत कलमांचा नवा खड्डा कुठे घ्यायचा, हे मला सांगता सांगता!

त्या पितळी कडीचं काम ती पायाने करायची.

पावसच्या वाटेवरचे लोक तिला ओळखायला लागले. "डॉक्टरांची पोर चालली" म्हणायचे. आणि मी शेजारी बसलेला असलो तर — तुम्हाला सांगतो — कुणी माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी! ज्याच्याकडे बघायला लोक खुर्च्या वळवून घेतात! मी कितीदा तरी तिची ती नक्कल करून पाहिली. दर वेळी करकर. एकदा दोन-चार जणांसमोर ती सहज म्हणाली, "तुम्ही आपले थांबूनच टाका हो. तुम्हाला नाही जमायचं." त्यात टोमणा नव्हता. तो डॉक्टरच्या मुलीने दिलेला सल्ला होता. मला मात्र तो लागला. लागला आणि आत राहिला.

आता ते सांगतो.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा कॉलेजचा मित्र मधू मुंबईहून आला होता. आम्ही दोघं गाडी घेऊन आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालो. छप्पर मागे टाकलेलं, डाव्या हाताला समुद्र, आणि मी अर्थातच बोलतोय. तिकडचा चढ आला. गाडी दुसऱ्यात दमायला लागली. मागे एसटी. एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. करायचं काय, तर सोपं — थांबायचं, पहिला टाकायचा, निघायचं. एसटीने चार शिव्या घातल्या असत्या, संपलं असतं.

तेवढ्यात मधू म्हणाला, "काय रे, चढत नाही वाटतं?"

मग मी शुभा झालो. क्लच, मध्ये, सोड, टिचकी — आणि टिचकीनंतरचा क्लच अर्धाच दाबून मी दांडा ताकदीने पहिल्यात ढकलला.

कडाड्!

तो आवाज मी पुढे शेकडो वेळा तोंडाने काढून दाखवला आहे. हुबेहूब काढतो. कुठे ऐकला, ते कधी सांगितलं नाही.

मधू दचकला. मी हसून म्हटलं, "जुनी गाडी आहे, बोलते मधूनमधून." त्यानंतर पहिल्यात गाडी टक् टक् टक् असा आवाज करायला लागली. दाता टवकला होता, हे कळायला मेकॅनिक लागत नाही. परत येताना मी पहिल्याला हातच लावला नाही. क्लच जाळत दुसऱ्यातच गाडी उचलत आलो. दिवेलागणीला घरी आलो. शुभाने विचारलं, "कशी चालली?"

मी म्हटलं, "मस्त."

या एका शब्दाबद्दलही मी माफ करून टाकलं असतं स्वतःला. माणूस थकलेला असतो, लाजलेला असतो, उद्या सांगू म्हणतो. पण उद्या सकाळी काय झालं? उद्या सकाळी मी उठून दात घासत होतो आणि शुभा पावसला बागेत निघाली. आमच्या फाटकातून वर रस्त्यापर्यंत चांगला चढ आहे. तिने चपला काढल्या, गाडी सुरू केली, पहिला टाकला — उभ्या गाडीत, शहाण्यासारखा — आणि निघाली. टक्, टक्, टक्, खाड्! दाता पूर्ण तुटला, तुकडा आत अडकला आणि चाकं जागच्या जागी बांधल्यासारखी झाली. गाडी चढावर आडवी. समोरच्या गॅलऱ्यांत डोकी.

मी तोंडात ब्रश घेऊन धावत बाहेर आलो. आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे —

"काय केलंस गं हे?"

ठरवलं नव्हतं हो! शपथेवर सांगतो, ठरवलं नव्हतं. पण शपथ घेऊन काय उपयोग? लगेच तिने म्हटलं, "मी काही नाही केलं. नेहमीसारखाच टाकला." यावर मी ब्रश हातात घेतला, गॅलऱ्यांकडे एकदा पाहिलं — हो, पाहिलं, प्रेक्षक किती आहेत ते मी कायम पाहतो — आणि म्हणालो, "नेहमीसारखा टाकला असतास तर असा आवाज आला असता?"

पहिलं वाक्य निसटलेलं होतं. हे दुसरं मी रचलं होतं.

गाडी ढकलत आत आणली. हुसेनभाई मेकॅनिकनी फणसाखाली गोणपाट पसरून गिअरबॉक्स उघडला. काळ्या तेलातून तो दात्याचा तुकडा काढला आणि पुसून माझ्या तळहातावर ठेवला. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, वैनींच्या हातून झालं. ते बिचारे समजुतीने शुभाला म्हणाले, "वैनी, चालत्या गाडीत फर्स्ट घातलात काय? ह्या गाडीत असा नाय करायचा."

ही गाडी घरात नुकतीच आलेली असावी आणि शुभाला तिची माहिती नसावी, अशा थाटात! आणि शुभा काय म्हणाली असेल? तिने वाद घातला नाही. ती तुकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "घातला असेन. लक्षात येत नाही."

दुपारी जेवताना ती स्वतःशीच जुळवत होती. फाटकाशी कोंबडी आडवी आली होती ना, तेव्हा गाडी जरा मागे सरकली असेल. तेव्हाच घाईत पडला असेल. मागच्या आठवड्यात पण पाय जरा चुकल्यासारखा वाटला होता. "असंच झालं असेल, नाही का?" तिने मला विचारलं.

मला विचारलं! जी चूक तिने केलीच नाही ती आठवायला ती माझी मदत मागत होती. मी आमटीचा भुरका मारला आणि म्हणालो, "असेल."

माणसाकडून आणखी काय काढून घेता येतं, सांगा. गाडी तर तिचीच होती.

अप्पा चिपळूणहून एसटीने आले. तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मुलीला एका शब्दाने बोलले नाहीत. जेवले, बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले. मी त्यांना डेपोवर सोडायला गेलो होतो. अर्धा तास आम्ही बाकावर शेजारी बसलो. अर्ध्या तासात मी किती किस्से सांगतो तुम्हाला माहीत नाही. एवढी एक गोष्ट सांगायला वेळ मिळाला नाही.

मग गणपतीत आम्ही गावी गेलो. आमचं गाव संगमेश्वराच्या आतल्या अंगाला. घरात काही मोडलं-बिघडलं, कुणाच्या हातून काही चुकलं, की ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत. गुरव देवाला सगळं मोठ्याने सांगतो, आणि जमलेले सगळे एका आवाजात त्याला होकार देतात. माझ्या आईने गुरवाला सांगून ठेवलं होतं. शुभा डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून देवीसमोर उभी राहिली. गुरवाने नारळ धरला.

"बा देवी म्हाराजा, ही तुझी लेक, हिच्या हातून गाडीची मोडतोड झाली..."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकलामाकला आसंल ता पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"पुन्हा तिच्या हातून तसा घडू देऊ नको..."

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात माझा आवाज होता. माझा आवाज मुळात मोठा. देवळाच्या पत्र्यावरून तो परत माझ्या कानावर आला. मी बायकोवर आळ घेतला, एवढंच नाही — देवासमोर उभं राहून त्याला तीन वेळा साक्ष दिली. तुम्ही देव मानता की नाही मला माहीत नाही. शुभा मानते.

आणि देवीने ते गाऱ्हाणं ऐकलं म्हणायचं. पुन्हा तिच्या हातून तसं घडलं नाही. कारण तिने पुन्हा गाडी चालवलीच नाही. मुंबईहून दुसरं दातेरी चाक मिळवून हुसेनभाईंनी गिअरबॉक्स जोडला, गाडी सुरू झाली, मी किल्ली तिच्यासमोर धरली. तिने मान हलवली. "नको. माझ्या हातून पुन्हा मोडेल." पुढे काही वर्षं आमच्याकडे साधी चारचाकी होती, तीही नाही. पावसची बाग तीच बघते. खतं, फवारणी, काढणी, पेट्या, गडीमाणसं, सगळं तिच्याकडे. आणि इतकी वर्षं ती तिथे जाते रिक्षाने, एसटीने, नाहीतर मला वेळ असेल तेव्हा माझ्या शेजारी बसून. माझा पहिला करकरला की ती खिडकीतून बाहेर बघते. तिला वाटतं, बोलायचा हक्क तिने गमावलाय.

इथे तरी मी गप्प बसायचं ना? नाही! मी त्याचा किस्सा केला.

आधी एका लग्नात, सहज. मग मागणी यायला लागली. "गिअरचा दात होऊन जाऊ दे!" मी शुभाची चाल करायचो, पदर खोचायचो, चपला काढून बाजूला ठेवायचो, गाल फुगवून तो कडाड् काढायचो. मग हुसेनभाईंचा आवाज. मग गुरवाचा. आणि शेवटी खिशातून चष्म्याची डबी काढायची, सावकाश उघडायची — आत मखमलीवर तो दात! लोक लोळायचे. शुभाही हसायची. मग चहाचं बघते म्हणून आत जायची. आमची मुक्ता तेव्हा शाळेत. ती हा किस्सा ऐकतच मोठी झाली. आपल्या आईबद्दल तिला पहिली कुठली गंमत पाठ असेल, तर ती ही.

आता कळलं, तो मूळ गिअरबॉक्स मी का जपला? पाच गिअरचा सोपा डबा बसवला असता, तर पहिला गिअर कुणाच्याही हातून गुपचूप पडला असता. शुभाच्याही. कुणीतरी म्हणालं असतं, वैनी, आता बसा की. कदाचित ती बसली असती. आणि पहिल्याच चढावर सगळ्यांना दिसलं असतं की ही बाई गिअर मोडणाऱ्यातली नाही. तो डबा अवघड राहणं मला हवं होतं. त्यावर माझी शाल, माझं व्याख्यान, माझा किस्सा आणि माझी अब्रू, सगळं उभं होतं. वर त्याच डब्यावर मी रस्त्यात चिडत होतो, त्याला शिव्या घालत होतो! त्या बिचाऱ्या लोखंडाने काय केलं होतं?

यंदाच्या पाडव्याला मुक्ताने पुण्याहून आईसाठी नवी छोटी गाडी पाठवली. बिनगिअरची. फोनवर म्हणाली, "आई, हिला क्लचच नाही. तू फक्त बस." शेजारीपाजारी जमले, गाडीला हार घातला, पेढे वाटले. सगळे शुभाकडे बघत होते. तिने दाराला हात लावला होता. उघडणार होती — मी पाहिलं ते. आणि मी म्हणालो, "बरं झालं गिअर नाहीत ते. मोडायला काही शिल्लकच नाही!"

केवढा हशा!

तिने हात काढून घेतला. तीही हसली. दुपारी पेढ्यांचे रिकामे बॉक्स दाबून ठेवता ठेवता म्हणाली, "मुक्ताला विचारा, परत करता येते का. गिअर नसले तरी हात माझेच ना."

त्यानंतरचे काही दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. सांगायला लागलो तर तुम्हाला माझी दया येईल. त्या सुरात सांगणं मला नको इतकं चांगलं येतं.

आज सकाळी सांगितलं. तिला आधी, म्हणून तर आता तुम्हाला सांगू शकतो. तिच्या आधी तुम्हाला सांगितलं असतं तर तो पुन्हा एक किस्साच झाला असता. ती स्वयंपाकघरात बागेत न्यायचा डबा भरत होती. मी दारात उभा राहून सुरुवात केली ती अशी — "शुभा, तुला एक गंमत सांगतो." तोंडातून निघालं आणि माझी मलाच किळस आली. मग म्हटलं, "तो दात मी मोडला. आदल्या दिवशी. आरे-वारेच्या चढावर."

ती भाजी भरता भरता थांबली. "मधूभावजी आले होते तेव्हा?"

"हो."

"म्हणजे सकाळी मी बसले त्याच्या आधीच?"

"हो."

तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, पुन्हा लावलं. मग विचारलं, "अप्पांना माहीत होतं?"

"नाही."

अप्पांना जाऊन आता पाच-सहा वर्षं झाली. ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "शेवटी हॉस्पिटलात होते ना, तेव्हा एकदा मला म्हणाले, पोरी, त्या गिअरची चूक तुझी नव्हे. मीच तुला नीट शिकवलं नाही. लहान वयात गाडी हातात दिली. मी म्हटलं, नाही हो अप्पा, तुम्ही छान शिकवलंत, मीच धांदरट. ते ऐकेनात. भांडलो आम्ही त्यावरून. चूक कुणाची म्हणून."

ते दिवस मला आठवतात. खोलीत ती आणि अप्पा. मी बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचो आणि नर्सबाईंना हसवायचो. कुठला किस्सा सांगून, ते विचारू नका.

दोन माणसं माझी चूक एकमेकांच्या हातून ओढून आपल्या पदरात घालत होती. त्यातला एक ती घेऊन गेलासुद्धा. आता त्याला कोण जाऊन सांगणार आहे?

शुभाने डबा पिशवीत ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, टोपी घेतली. "चहा तुमचा तुम्ही करून घ्या," म्हणाली. मी सोडायला येतो, असं म्हणालो नाही. अंगणात हिरवी गाडी उभी होती, शेजारी वाळलेला हार घातलेली नवी. शुभा दोन्हींच्या मधून गेली, फाटक लावलं, आणि चढ चढून वर रस्त्यावर रिक्षा बघायला उभी राहिली.